ओझर ते ओहाकिया : लढाऊ विमानांची एक कथा

भारत-पाकिस्तानचे भांडण आपण मुंबईच्या विमानतळावरच सोडून आलो, असे आम्हा मंडळींना उगीचच वाटते. १९९८ साली ते आमच्या मागोमाग न्यूझीलंडपर्यंत येऊन ठेपले होते, आणि तेही लढाऊ विमानांच्या रूपाने!

याची सुरुवात थेट आपल्या नाशिकजवळच्या ओझरपासून सांगता येईल. १९६१ च्या सुमारास अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ ही स्वनातीत विमाने दिली. भारतानेही ती मागितली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६४ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन आले, पण नकारच मिळाला. रशिया मात्र मिग-२१ द्यायला, शिवाय ते भारतात बनवू द्यायलाही तयार होता. त्यातून ओझरचा कारखाना उभा राहिला.

पुढची फेरी १९८१ ची. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या होत्या. अमेरिकेला पाकिस्तानची गरज होती, म्हणून ४० एफ-१६ देऊ केली. भारताने उत्तरादाखल फ्रान्सकडून मिराज-२००० आणि रशियाकडून मिग-२९ घेतली. पुण्याच्या लोहगाव तळावरून मिग-२९ उडू लागली. एकाने घेतले की दुसऱ्याने घ्यायचे. पैसे दोन्हीकडच्या गरिबांचे.

१९८९ मध्ये रशियन फौजा परतल्या आणि अमेरिकेची गरज संपली. १९९० मध्ये पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाचे कारण देऊन प्रेसलर दुरुस्तीखाली विक्री थांबली. नव्या मागणीतली २८ एफ-१६ ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पैसे मात्र पाकिस्तानने भरलेले!

नेमकी हीच २८ विमाने डिसेंबर १९९८ मध्ये जेनी शिप्ली यांच्या सरकारने दहा वर्षांच्या भाड्याने घ्यायचे ठरवले. १९७० पासूनची स्कायहॉक विमाने जुनी झाली होती. त्याच महिन्यात अमेरिकेने पाकिस्तानची भरपाई काही रोख, काही गव्हासारख्या मालात करण्याचे मान्य केले. यातला विरोधाभास पाहा. अण्वस्त्रवाहू जहाजांना बंदर नाकारले म्हणून अमेरिकेने १९८६ मध्ये न्यूझीलंडची संरक्षणहमी काढून घेतली होती. बाँबपायी एकाला नाकारलेली विमाने आता बाँबला दारात उभे न करणाऱ्याच्या पुढ्यात आली.

हेलन क्लार्क यांच्या सरकारने मार्च २००० मध्ये हा करार रद्द केला. २००१ अखेर लढाऊ तुकड्याच बरखास्त झाल्या आणि ओहाकियाच्या तळावरून स्कायहॉक नाहीशी झाली. वाळवंटातली काही विमाने अमेरिकी नौदलाने सरावाला घेतली, तर काही पुढे पाकिस्तानलाच मिळाली!

न्यूझीलंडला हे जमले, कारण त्याच्या कुंपणाला लागून वैरी नाही. भारताला ते इतक्या सहज जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण विमान कोणाला मिळेल हे घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा देणाऱ्याच्या सोयीवर ठरते, एवढे तरी या २८ विमानांनी दाखवले. म्हणूनच नव्या खरेदीच्या बातमीने टाळ्या वाजवण्याआधी, देणाऱ्याला आज आपली गरज का वाटते, हे आपण विचारायला हवे. वाचकांनी आपली मते जरूर कळवावीत.