भूजलाचा कोर्स म्हणजे काय? जालन्यात तो कशाला हवा?

बोअर कुठे घ्यायचा, हे अजूनही अनेक गावांत पाणाड्या हातातल्या नारळावरून सांगतो. जालना जिल्ह्यात जमिनीखाली बहुतांश बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणून एकाला पाणी लागतं, शेजाऱ्याचा बोअर कोरडा जातो. कर्ज मात्र राहतं.

हा खडक ओळखायला शिकवणारे कोर्स आहेत. पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम ही संस्था (स्थापना १९९८) स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांना असं प्रशिक्षण देते. विहिरीची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणं, खडकाचे थर पाहणं, त्यावरून बंधारा कुठे घालायचा ते ठरवणं, हा त्याचा गाभा.

सरकारी बाजूने, अटल भूजल योजनेतल्या राज्यातल्या १३ जिल्ह्यांत जालनाही होता. तिथे गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं गेलं: पाऊस किती, मुरला किती, पिकांना लागणार किती. आकडेमोड जमते हो! अवघड असतं ते तूट दिसल्यावर मोसंबीवाल्याला ‘यंदा नवी बाग लावू नका’ म्हणणं. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या होत्या.