युरियाची गोणी स्वस्त का? १९९२ च्या अर्धवट सुधारणेची गोष्ट

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने. कृषी सेवा केंद्रात युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते आणि डीएपीची ५० किलोची गोणी हजाराच्या वर. एवढा फरक का? उत्तरासाठी १९९१ सालात जाऊ.

तेव्हा देशातलं परकीय चलन संपत आलं होतं, सोनं परदेशात गहाण पडलं होतं. खर्च कापायला हवा होता आणि नजर गेली खतांच्या अनुदानावर. १९७७ पासूनची पद्धत अशी होती: शेतकऱ्याला खत ठरावीक स्वस्त दरात, कारखान्याला उत्पादनखर्च अधिक नफा, आणि मधला फरक सरकार भरणार. म्हणजे कारखाना जितका खर्चिक, तितकं अनुदान जास्त. मग काटकसर कोण करणार?

२४ जुलै १९९१ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी खतांचे दर ४० टक्क्यांनी वाढवले. एवढा गदारोळ झाला की दोनच आठवड्यांत ही वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. पुढे संयुक्त संसदीय समिती बसली. अध्यक्ष होते आपल्या साताऱ्याचे खासदार प्रतापराव भोसले. ऑगस्ट १९९२ मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्याच महिन्यात स्फुरद-पालाशची खतं नियंत्रणमुक्त झाली. त्यांचे दर भडकले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, वर १० टक्के स्वस्तही झाला!

आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. युरिया टाकला की आठवड्यात पीक हिरवंगार दिसतं. स्फुरदाचं काम मुळांत, पालाशचं दाण्यात; ते लगेच डोळ्यांत भरत नाही. खिशात पैसे मोजके. तुम्ही काय घ्याल?

तेच झालं. नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण ढोबळमानाने ४:२:१ असावं असं मानतात. १९९१-९२ मध्ये ते ५.९:२.४:१ होतं, वर्षभरात ९.५:३.२:१ झालं. सरकारला घाईघाईने स्फुरद-पालाशवर पुन्हा सवलत द्यावी लागली. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला. पुन्हा तोच तोल गेला. आणि करदात्याचे पैसे तरी वाचले का? २०२२-२३ मध्ये, जगभर खतं महागली तेव्हा, हे अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं.

चूक अनुदान कापण्यात नव्हती, अर्धंच कापण्यात होती. जिथे मतांची भीती कमी तिथे कात्री चालली. बिल मात्र जमिनीने भरलं.

मग अनुदानाचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकावेत? ऐकायला छान आहे. पण खातं कोणाचं? सातबाऱ्यावर नाव नसलेला, बटाईने शेती करणारा माणूस बाजारभावाने खत घेईल आणि पैसे जमीनमालकाला मिळतील. या प्रश्नाचं उत्तर आधी शोधायला हवं, नाहीतर पुढची सुधारणाही अर्धवटच राहील.

घरी शेती असेल तर या वेळी एक विचारा: माती परीक्षण शेवटचं कधी केलं होतं?

भेटू पुढच्या भागात.