घाडगे, यशवंत

घाडगे, नाईक यशवंत (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा सैनिक. जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे. खेडहून कशेडी घाट उतरून महाडच्या पुढे गेले की माणगाव लागते. शेती तुटपुंजी, म्हणून मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, हा या साऱ्या पट्ट्याचा जुना रिवाज होता. त्यामुळे इथल्या सैनिकांचे शौर्यही पोटासाठी केलेल्या चाकरीतच जमा केले जाते. घाडगे यांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. गरिबीमुळे माणूस भरती का झाला ते कळते, पण इटलीतल्या मोरलुपोच्या चढावर त्याने जे केले त्याचा उलगडा होत नाही. तिथे, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या पक्क्या मोर्चावर चालून गेली. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगे वगळता त्यांच्या सेक्शनमधले सगळे ठार वा जखमी झाले. सोबत येणारे कोणी उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असूनही ते एकटे धावून गेले. ग्रेनेड फेकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. जिंकलेल्या त्याच मोर्चात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते पडले. अशा क्षणी मागे सरले असते, तरी त्यांना बोल लावायला कोणी धजले नसते.

पोटासाठीच्या चाकरीच्या हिशेबापेक्षा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनानंतर साम्राज्यासाठी दिलेल्या प्राणांचा गौरव का करावा? ब्रिटिशांनी हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, हे खरेच. पण तो दोष सरकारचा. सैनिकावर तो लादणे अन्याय आहे. शिवाय समोरचे सैन्य नाझी जर्मनीचे होते. याच पलटणीने १९४८ मध्ये काश्मीरमध्ये झांगड परत घेण्याच्या लढाईत भाग घेतला, हेही विसरता येत नाही. माणगावच्या तहसील कचेरीसमोर घाडगे यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाचे स्मारक झाले. त्यांच्या सेक्शनमधल्या इतरांची नावे मात्र व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात नाहीत. खेड, महाड, माणगावच्या इतिहासकारांनी ती शोधून गावोगावच्या इतिहासात नोंदवावीत.