अठरा युनिटांचा उजेड

गोकाकच्या धबधब्याच्या जोरावर १८८७ सालीच सुताची गिरणी फिरू लागली. त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गरिबाच्या झोपडीत दिवा लागायला मात्र १९७९-८० ची ‘भाग्यज्योती’ योजना यावी लागली. एका घराला एक दिवा! पुढे या घरांना महिन्याला १८ युनिट मोफत ठरली. सातवीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब आहे: ६० वॅटचा एक बल्ब रोज दहा तास लावला, की ३० दिवसांत १८ युनिट संपतात. पंखा नाही, मिक्सर नाही. हा आकडा दिव्याचा होता, संसाराचा नव्हे. कालांतराने तो ४० झाला.

२०२३ च्या ‘गृहज्योती’ने २०० युनिटपर्यंतची घरगुती वीज मोफत केली, पण सरसकट नव्हे. २०२२-२३ मधला ज्याचा त्याचा सरासरी वापर, वर दहा टक्के, एवढाच हक्क. मेख इथेच होती. महिना १५० युनिट जाळणाऱ्याला १६५ मिळाली, तर साध्या जोडणीवर दिवे मालवून ३० युनिटांत भागवणाऱ्या म्हातारीला ३३. जिने काटकसर केली तिचीच वाटणी आखूड! जानेवारी २०२४ मध्ये सरकारने लहान ग्राहकांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट जादा दिली. म्हातारीची ३३ ची ४० झाली. शेजाऱ्याची १६५ तशीच राहिली.