पाटलीणबाई ते महापौर

पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. देशमुखीण, वकिलीणबाई याही तशाच. हुद्दा नवऱ्याचा, बायकोला फक्त प्रत्यय. फ्रेंचमध्येही ‘प्रेझिदांत’ म्हणजे पूर्वी अध्यक्षाची पत्नीच. स्वतःच्या कामावरून जिला नाव मिळे ती सुईण, मोलकरीण नाहीतर स्वयंपाकीण. या नावांवर कधी कुणी वाद घातला नाही, कारण त्यांच्यामागे ना अधिकार होता ना पैसा.

नागपुरात हे चित्र बदलू लागलेले दिसते ते बाळंतिणीच्या खोलीपासून. कमलाताई होस्पेट डफरिन रुग्णालयात शिकल्या आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृसेवा संघ उभा केला. सुईणीच्या कामाला शिक्षण आणि संस्था मिळाली. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्रीही मिळाली. ‘परिचारिका’ या शब्दाला आज जी प्रतिष्ठा आहे, ती अशा बायकांनी कमावलेली आहे.

जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. इथे ‘अध्यक्षा’ ही कुणाची पत्नी म्हणून नव्हती. हजारो बायकांसमोर त्या स्वतःच्या अधिकाराने बसल्या होत्या, आणि मला हा क्षण या शब्दाचा खरा जन्म वाटतो. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका कुसुमावती देशपांडे पुढे १९६१ साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

पदे जसजशी मोठी झाली तसतसा प्रत्यय गळाला. २००७ साली प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ला स्त्रीरूप हवे का, यावर बरीच चर्चा झाली, शब्द तसाच राहिला. २०१७ साली नंदा जिचकार नागपूरच्या महापौर झाल्या. ‘महापौर आल्या’ म्हटले की क्रियापदच सगळे सांगून टाकते.

इंग्रजीला ही सोय नाही. फ्रेंचमधून घेतलेले ‘कॉमेडियन’चे स्त्रीरूप इंग्रजी बोलणाऱ्या अनेक बायका आता नाकारतात. फ्रान्समधल्या बायकांनी उलट स्त्रीरूपेच मागितली, आणि फ्रेंच अकादमीने ती २०१९ साली मान्य केली. मागणी दोन्हीकडे एकच, बरोबरीची.

आपल्याकडे जिल्हाधिकारी, राज्यपाल, कुलगुरू यांना स्त्रीप्रत्यय लागत नाही. अंगणवाडीत मात्र पदाचे नावच ‘सेविका’ आहे, आणि तिला अजून पगार नव्हे, मानधन मिळते.