अडीच फुटांवरची गाडी

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुटली. त्या दिवशी आमच्या नेकनूरातल्या प्रत्येक पोराच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ होता. मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त, फुलांच्या माळा घातलेली गाडी आणि खाली कॉमेंट: ‘आपल्या भागात पहिल्यांदाच रेल्वे!’

बीड शहरापुरतं हे खरं आहे. जिल्ह्यात परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. पण नेकनूर-केज पट्ट्यातल्या आमच्या घरातली माणसं ‘रेल्वे’ म्हणायची ती परळीची नव्हे. ती कळंबच्या पुढं जाऊन धरायची. तिला कुणी छोटी गाडी म्हणायचं, कुणी बार्शी लाइट. माझे मामा या गाडीवर आधी फायरमन होते, नंतर ड्रायव्हर झाले. त्यामुळं तिच्याबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. मुंबई-मद्रास मार्गावरच्या कुर्डुवाडीपासून बार्शीची बाजारपेठ २१ मैलांवर होती, आणि तिथला कापूस बैलगाड्यांतून स्टेशनवर यायचा. मोठी रेल्वे परवडणार नव्हती. कॅलथ्रॉपनं डोकं लढवलं: रुळांमधलं अंतर ठेवलं फक्त अडीच फूट, आणि नियम केला की इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळही पुरतात. ऐकायला साधी वाटते, पण त्या काळात ही कल्पना धाडसाची होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. माणसाला हलकेपणाचा नादच होता म्हणायचा.

१९०६ मध्ये ही लाइन पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तर पुढचं लातूर निजामाच्या. म्हणजे एकाच तिकिटावर माणूस एका राज्यातून दुसऱ्यात जायचा. आषाढी-कार्तिकीला डबे कमी पडले की मालाच्या डब्यांतही वारकरी भरले जायचे. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली.

हल्ली जुन्या गाड्यांचे फोटो टाकून खाली ‘ते दिवस!’ लिहायची पद्धत आहे. मामांना हे कधीच पटलं नसतं. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे काम. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी शेडमध्ये जाऊन आग पेटवायची, बॉयलरमधलं पाणी तापून वाफेचा दाब चढेपर्यंत तिच्यापुढून हलायचं नाही. कोळसा ढीग करून टाकायचा नाही, पातळ पसरायचा. धुराड्यातून काळा धूर निघाला की बघणारे खूश होतात. मामा म्हणायचे, “आरं, काळा धूर म्हंजे कोळसा वाया चाललाय. डायवर शिव्या देतो तवा.” काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, तिच्यावर एक डोळा कायम. पाणी फार खाली गेलं तर भट्टीचा वरचा पत्रा उघडा पडतो, आणि मग पुढचं विचारू नका. बार्शी सोडून येडशीकडं बालाघाटचा चढ लागला की पावसाळ्यात चाकं जागच्या जागी फिरायची. मग रुळांवर वाळू सोडायची. मे महिन्यात तर वर ऊन आणि पुढ्यात भट्टी. मामांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस उगवलेच नाहीत.

कुर्डुवाडीला आणखी एक काम होतं आणि त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. छोट्या रुळांचा डबा मोठ्या रुळांवर जात नाही. म्हणून लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं तिथं हमालाच्या पाठीवर चढायचं आणि शेजारच्या मोठ्या डब्यात उतरायचं. स्वस्तात बांधलेल्या रेल्वेची उरलेली किंमत या पाठींनी भरली, असं माझं मत आहे. वेळ जायचा तो वेगळाच. पुढं ट्रक आले आणि व्यापाऱ्यांनी या गाडीकडं पाठ फिरवली, यात नवल नाही.

माझ्याकडं तेव्हा अग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याचा शटर इतका संथ की धावती मोटार काढली तर नुसता पट्टा यायचा. पण आमची गाडी त्याहून संथ, म्हणून ती बरी यायची! १९८२-८३ मध्ये सुट्टी लागली की मी मामांकडं जायचो आणि शेडच्या आसपास घुटमळायचो. काळं इंजिन, मागं पांढरं आभाळ, मधे वाफ; साध्या कॅमेऱ्याला हे झेपत नाही. माझ्या फोटोंत चाकं दिसतात, धुराडं दिसतं. इंजिनातली माणसं मात्र काळी सावली होऊन बसली आहेत. “मामा, जरा खाली उतरता का?” म्हटलं तर उत्तर ठरलेलं: “ड्युटीवर हाय. घरी काढ की.” घरी ते धुतलेल्या पांढऱ्या शर्टात बसायचे, आणि तो फोटो कुणाही माणसाचा वाटायचा.

मोठे रूळ आले ते बरंच झालं. लातूरकडची छोटी लाइन जाऊन २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज पूर्ण झालं. नव्या मार्गात धाराशिव आलं, ज्याला जुन्या लाइननं कायम बाजूला ठेवलं होतं. आजारी माणसाला घेऊन सोलापूर-पुण्याकडं निघालेल्याला विचारा, त्याला छोट्या गाडीची आठवण येत नाही.

बीडची गाडी सुरू झाली त्या आठवड्यात पुतण्यानं माझा एक जुना फोटो मोबाइलवर घेतला आणि कुठल्याशा ॲपमध्ये घातला. इंजिनाच्या खिडकीतली सावली उजळली. तिथं गोरापान, दाढी केलेला, नीट दात असलेला माणूस हसत होता. हात गुळगुळीत. पुतण्या खूश होऊन म्हणाला, “काका, बघा, आजोबा आता दिसायलेत.”

मामी आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ धरला आणि विचारलं, “ह्यो कोण रं?”

मग जुना फोटो दाखवला, काळ्या सावलीचा. “हां,” त्या म्हणाल्या, “हे हायेत. उभं ऱ्हायची तऱ्हा बघ की.”