बुद्धीची तालीम आणि प्रवेशपरीक्षा : एका समजुतीचा इतिहास



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पदवी घेतल्यावर गेट, कॅट किंवा परदेशी विद्यापीठांसाठी जी.आर.ई. अशा प्रवेशपरीक्षांना बसतात, तेव्हा अभ्यासाबरोबरच एक मोहही त्यांच्यासमोर उभा राहतो. रोज थोडा वेळ आकड्यांचे व आकृत्यांचे खेळ खेळावेत, म्हणजे बुद्धी तल्लख होऊन कोणतीही परीक्षा सोपी जाईल, असे त्यांना सांगितले जाते. या आश्वासनामागे एक जुनी समजूत आहे. तालमीत जोरबैठका काढल्या की कमावलेल्या दंडाने कोणतेही ओझे उचलता येते. मग बुद्धीचेही तसेच का नसावे? या समजुतीचा इतिहास आणि तिची झालेली पारख हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या देशाचा या समजुतीशी जवळचा संबंध आला तो इंग्रजी राजवटीत. हिंदुस्थानातील सनदी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा कशी असावी, हे ठरविण्याकरिता मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १८५४ साली अहवाल दिला. उमेदवाराची परीक्षा ग्रीक, लॅटिन, गणित अशा सर्वसाधारण विद्येत घ्यावी. तरुणपणी त्या विद्येत जो श्रेष्ठ ठरला तो पुढे राज्यकारभारातही श्रेष्ठ ठरेल, असा तिचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अशी पहिली परीक्षा झाली. लॅटिन आणि भूमिती यांनी मन घडते व ते घडलेले मन सर्वत्र उपयोगी पडते, हे त्या काळच्या शिक्षणाचे गृहीततत्त्वच होते.

त्याची पारख करू पाहणाऱ्यांत अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स हे आरंभीचे होत. पाठांतराने स्मरणशक्ती वाढते काय, हे त्यांनी स्वतःवरच तपासले. व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्याच्या १५८ ओळी त्यांनी पाठ केल्या, तेव्हा सुमारे १३२ मिनिटे लागली. मग त्यांनी मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग रोज वीसेक मिनिटे याप्रमाणे ३८ दिवस घोकला आणि ह्यूगोच्या त्याच काव्याच्या पुढच्या १५८ ओळी हाती घेतल्या. वेळ कमी लागावा अशी अपेक्षा होती; लागली साडेएकशेएक्कावन्न मिनिटे! दुसऱ्या वेळी आपण इतर कामाने थकलेले होतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात हा वृत्तांत आहे.

एका माणसाच्या प्रयोगावरून सिद्धांत ठरत नाही. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी अधिक काटेकोर प्रयोग केले. लहान आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव त्यांनी काही जणांकडून करून घेतला. त्या आयतांच्या बाबतीत अंदाज पुष्कळ सुधारला. मात्र आकार मोठा केला वा आकृती बदलली की सुधारणेचा बराच भाग गळून पडला. यातूनच अध्यापक महाविद्यालयांत शिकविला जाणारा ‘समान घटकांचा सिद्धांत’ उदयास आला : एका गोष्टीचे शिक्षण दुसरीत उतरते ते दोहोंत जेवढे घटक समान असतील तेवढेच. पुढे १९२४ साली थॉर्नडाइक यांनी साडेआठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. लॅटिन वा भूमिती शिकल्याने इतर विषयांपेक्षा बुद्धी विशेष वाढते, असे त्यांना आढळले नाही.

आता प्रवेशपरीक्षांकडे वळू. पदव्युत्तर शिक्षणासाठीची जी.आर.ई. १९३७ साली कार्नेगी प्रतिष्ठानने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्याने सुरू केली. १९७७ साली तिच्यात तर्कशक्तीचा स्वतंत्र विभाग आला. त्यातील दोन प्रकारचे प्रश्न थोड्याशा सरावाने सुटू लागतात, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच संशोधकांना आढळले आणि १९८१ साली ते प्रकार वगळण्यात आले. विद्यार्थ्यांची तर्कबुद्धी थोड्या दिवसांत वाढली, असे कोणी मानले नाही. त्या विशिष्ट प्रश्नांची हातोटी त्यांना साधली, एवढाच निष्कर्ष निघाला.

याच सुमारास कार्नेगी-मेलन विद्यापीठातील एका विद्यार्थ्यावर झालेला प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. एकदा ऐकलेले आकडे क्रमाने म्हणून दाखविण्याचा सराव त्याने सुमारे दीड वर्षात २३० तासांहून अधिक केला. आरंभी तो सात आकडे सांगे. शेवटी ७९ सांगू लागला. तो धावपटू होता व आकड्यांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून ध्यानात ठेवी. मात्र आकड्यांऐवजी अक्षरे दिली, की त्याची मजल सहाच्या आसपास येऊन थांबे. हा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला.

संगणक आले आणि जुन्या समजुतीने नवे वस्त्र परिधान केले. स्मरणाच्या एका संगणकीय सरावाने बुद्धिमत्ताच वाढते, असा दावा २००८ साली एका शोधनिबंधात झाला. तोच सराव वापरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगात तसे दिसले नाही. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. खेळात ते तरबेज झाले. पण त्याचा लाभ, मिळत्याजुळत्या चाचण्यांतसुद्धा, दिसून आला नाही. २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ हे खेळ विकणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला. शाळेतील व कामावरील प्रगतीविषयीचे तिचे दावे पुराव्यावाचून आहेत, असा तो आरोप होता. कंपनीने २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले.

मग विद्यार्थ्याने करावे तरी काय? याचे उत्तरही प्रयोगांतूनच मिळते. २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे अभ्यासास दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहता वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या घरांतून दिवेलागणीला जो परवचा म्हटला जाई, त्याचे मर्म हेच होते. पुस्तक समोर नसताना पावकी, निमकी, दिडकी म्हणावी लागत असे. त्या परवच्याने मूल सर्वज्ञ होत नसे. बाजारहाटाचा हिशेब मात्र त्याला तोंडी येई. जे म्हटले, ते पक्के झाले.

हा इतिहास कोणाला निराशाजनक वाटेल. मला तो दिलासा देणारा वाटतो. बुद्धी बाजारात विकत मिळत असती, तर लहान गावातला, बेताच्या परिस्थितीतला, घरी मराठी आणि महाविद्यालयात दुसरीच भाषा बोलणारा विद्यार्थी कायमचा मागे पडला असता. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकावे, तशीच जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, चुकलेले उदाहरण समजून घेऊन काही दिवसांनी पुन्हा करावे. आणि वाचन व गणित यांचा पाया शाळेतच, सावकाश पण भक्कम घालावा. या गोष्टींना श्रम लागतात, फारसे द्रव्य लागत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्यासारखे शिक्षक फळ्यापुढे उभे राहून आयुष्यभर हेच काम करीत आले. त्या कामाला जवळची वाट नाही, एवढेच हा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सांगतो.